एप्रिल-मेचे आकडे किती खरे? (२०१९चे नॅशनल्स : बॅटिंग आणि बुलपेन)

पोटोमॅक

एप्रिल उजाडला की आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या बेसबॉल ग्रुपवर तीन आठवड्यांत सगळे निकाल लागलेले असतात. अमक्याची बॅट गंजली, तमका क्लोझर संपला, मॅनेजरला घरी पाठवा. सीझन १६२ सामन्यांचा आणि फैसला पंधराव्या सामन्याला! त्यावरून हा धागा काढतोय.

प्रश्न साधा आहे. सुरुवातीच्या आकड्यांपैकी कुठल्यावर भरवसा ठेवायचा आणि कुठला सोडून द्यायचा?

उदाहरण म्हणून वॉशिंग्टन नॅशनल्सचा २०१९चा सीझन घेतो, कारण तो आम्ही जवळून सोसला आहे. २३ मे २०१९ला न्यूयॉर्कमध्ये मेट्सकडून सलग चौथा सामना हरले आणि ५० सामन्यांनंतर हिशोब झाला १९ विजय, ३१ पराभव. तिथून उरलेल्या ११२ पैकी ७४ जिंकले, एकूण ९३-६९, आणि ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सीरिज (सीझनची अंतिम मालिका) जिंकली. वॉशिंग्टन शहराला १९२४नंतर पहिल्यांदा.

ही गोष्ट सांगणारे शेवटी हमखास म्हणतात, ‘बघा, सुरुवातीच्या आकड्यांना काही अर्थ नसतो.’ मला हे अजिबात पटत नाही. त्या ५० सामन्यांत दोन आकडे वाईट होते, बॅटिंगचा आणि बुलपेनचा. त्यातला बॅटिंगचा फसवा निघाला. बुलपेनचा मात्र शेवटपर्यंत खरा राहिला.

बॅटिंगचं कारण उघड होतं. २ एप्रिलला ट्रे टर्नर बंट करायला (बॅट आडवी धरून चेंडू हळूच टेकवायला) वाकला, फिलीजच्या झॅक एफ्लिनचा चेंडू बोटावर बसला आणि तर्जनी मोडली. मेच्या मध्यापर्यंत तो बाहेर. मधल्या काळात रेंडनचं कोपर दुखावलं, सोटोची पाठ धरली, झिमरमनचा पाय गेला. म्हणजे कागदावरची लाइनअप मैदानात एकत्र आलीच नव्हती. सगळे परत आल्यावर काय झालं? सीझनअखेर ८७३ धावा, नॅशनल लीगमध्ये (दोन लीगपैकी आमची) फक्त डॉजर्सच्या (८८६) मागे.

बुलपेनचा ईआरए त्या काळात सातच्या आसपास होता. सीझन संपताना तो साडेपाचच्या वर होता. सुधारला म्हणायचं तर म्हणा, पण नॅशनल लीगमध्ये तळाचाच. वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या टीमचं बुलपेन इतकं वाईट!

तुमचं काय मत? दुसऱ्या टीम्सचे अनुभवही लिहा.

चंद्रकोर

वाचतेय. पण आम्हा क्रिकेटवाल्यांसाठी बुलपेन आणि ईआरए दोन ओळींत सांगाल का? माझा भाचा तिकडे शिकायला गेलाय आणि फोनवर फक्त याच भाषेत बोलतो.

पोटोमॅक

@चंद्रकोर, जरूर. सामना सुरू करणारा पिचर म्हणजे स्टार्टर. तो नऊपैकी साधारण पाच-सहा इनिंग टाकतो आणि एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परत येत नाही. उरलेल्या इनिंगसाठी जे सात-आठ जण राखून ठेवलेले असतात ते रिलीव्हर. मैदानाच्या कडेला त्यांची जागा असते, तिथेच ते हात मोकळे करतात. त्या जागेला आणि त्या सगळ्या जथ्थ्यालाही बुलपेनच म्हणतात. आघाडी असताना शेवटची इनिंग टाकणारा तो क्लोझर.

ईआरए म्हणजे दर ९ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा. फील्डरच्या चुकीने गेलेल्या धरत नाहीत. २०१९मध्ये सगळ्या लीगची सरासरी साडेचारच्या आसपास होती. त्या वर्षी होम रनचा (इथला षटकार) पाऊस पडला होता, एकूण ६,७७६, म्हणजे तोवरचा उच्चांक. त्या हिशोबानेही सात म्हणजे धिंडवडेच.

सिएटल_सर

आमचे मॅरिनर्स याच वर्षी याच्या बरोबर उलट गेले. टोकियोत सुरुवात, तिथेच इचिरोची निवृत्ती, मग १३-२. पहिल्या २० सामन्यांत एकही सामना होम रनशिवाय गेला नाही. ऑफिसात लोक ऑक्टोबरच्या, म्हणजे प्लेऑफच्या, तिकिटांचं बोलायला लागले होते. सीझनचा शेवट ६८-९४.

आणि पोटोमॅक म्हणतात तसंच, खरे आकडे तेव्हाही डोळ्यांसमोर होते. फील्डिंग पहिल्या आठवड्यापासून ढिसाळ. आदल्या वर्षी ५७ सेव्ह (शेवटी आघाडी राखून दिलेले विजय) घेणारा एडविन डीयाझ हिवाळ्यात मेट्सला देऊन टाकलेला. त्याच्या जागी क्लोझर म्हणून आणलेला हंटर स्ट्रिकलंड मार्चमध्येच जायबंदी. होम रन थांबले त्या दिवशी खालची जमीन दिसली.

गणिती_गणू

छान धागा. थोडा हिशोब मांडतो.

समजा टीम खरोखरच १६२त ९३ जिंकण्याच्या लायकीची आहे, म्हणजे दर सामन्याला जिंकण्याची शक्यता ०.५७४. तर ५० सामन्यांत सरासरी २८-२९ विजय यायला हवेत. नुसत्या नशिबाने यात किती फरक पडेल? प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा फरक, येतं साडेतीन विजयांचं. त्यामुळे २५ किंवा ३२ आले तर भुवया उंचावायचं कारण नाही. पण १९ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता निघते हजारात चार-पाच.

म्हणून ‘वाईट नशीब होतं, मग पालटलं’ हे एकट्याने पुरत नाही. त्या ५० सामन्यांत खेळली ती टीम वेगळी होती, असंच म्हणावं लागतं. टर्नर नाही, काही दिवस रेंडन नाही, काही दिवस सोटो नाही. अशा टीमची लायकी ०.५०० धरली तर सरासरी २५ येते आणि १९ किंवा कमी येण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या घरात जाते. दुर्मीळ, पण ३० टीमच्या लीगमध्ये दरवर्षी एखाददुसऱ्या टीमच्या वाट्याला येईल अशी.

सीझनअखेर ८७३ धावा केल्या, ७२४ दिल्या. बेसबॉलचा आकडेतज्ज्ञ बिल जेम्स याच्या सूत्रात घातलं (केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज) तर सुमारे ९६ विजय येतात. प्रत्यक्षात ९३. म्हणजे शेवटचा आकडा टीमच्या खऱ्या ताकदीला धरूनच होता.

डावखुरी

@पोटोमॅक, बॅटिंगबद्दल सहमत. बुलपेनबद्दल नाही.

रिलीव्हरचे मेपर्यंतचे आकडे हा जगातला सर्वांत तकलादू ऐवज आहे. तोवर एकेकाच्या २० इनिंग झालेल्या असतात. त्यात खेळात आलेले चेंडू, म्हणजे होम रन, वॉक (चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर पडल्याने बॅट्समनला फुकट मिळालेला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) वगळून, धरा ६०. अशा चेंडूंवर लीगमध्ये साधारण ०.३०० दराने हिट (बाद न होता बेस गाठून देणारे फटके) मिळतात. ६० चेंडूंत हा दर नुसत्या योगायोगाने ०.२४० ते ०.३६० कुठेही भटकू शकतो. एकाच पिचरचा ईआरए त्यावर दोनचा पाच होतो. एक वाईट संध्याकाळ, दोन तृतीयांश इनिंगमध्ये पाच धावा, आणि पुढचा महिनाभर त्याचा आकडा खाली येत नाही.

नॅशनल्सचा रिलीव्हर वाँडर सुएरो बघा. सीझनअखेर त्याचा ईआरए साडेचारच्या वर, पण स्ट्राइकआउट इनिंगपेक्षा जास्त आणि एफआयपी तीनच्या आसपास. (@चंद्रकोर, एफआयपी म्हणजे फील्डरवर अवलंबून नसलेल्या तीनच गोष्टींवरून काढलेला आकडा: स्ट्राइकआउट, वॉक, होम रन.) लोकांनी त्याला मेमध्ये शिव्या घातल्या. तो वाईट पिचर नव्हताच.

रानवाटा

मी जर्सीत राहतो आणि मेट्सचा आहे, त्यामुळे ती मेची सीरिज मला पाठ आहे. त्यातले शेवटचे तीन सामने आम्ही शेवटच्या इनिंग्जमध्ये काढले.

२२ मेचा सांगतो. त्यांचा स्टार्टर शेर्झर याने सहा इनिंग एकही धाव दिली नव्हती, नॅशनल्स १-० पुढे. आठव्या इनिंगमध्ये त्यांचा क्लोझर डूलिटल याच्यावर आमच्या लागारेसने बेसेस भरलेल्या असताना डबल (दोन बेसचा हिट) मारला, तीन धावा. त्यानंतर राजाई डेव्हिस बॅटिंगला. हा माणूस त्या दिवशी सकाळी आमच्या ट्रिपल-एच्या (मेजर लीगच्या एक पायरी खालच्या) टीमबरोबर पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला होता. त्याला बोलावणं आलं, उबर करून सिटी फील्डवर पोचला, तोवर सामना सुरू झालेला. पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला पाठवलेला) म्हणून आला आणि तीन धावांचा होम रन. ६-१.

दुसऱ्या दिवशी आठव्या इनिंगमध्ये सुएरोवर आमच्या कार्लोस गोमेझचा तीन धावांचा होम रन, ६-४. त्याच्या आधी नॅशनल्सचा मॅनेजर मार्टिनेझ अंपायरशी भांडून, टोपी आपटून, माती उडवून बाहेर गेला होता.

@डावखुरी, सुएरोचा एफआयपी असेल चांगला. पण आठव्या इनिंगमध्ये चेंडू कुंपणापलीकडे गेला की एफआयपीसुद्धा वाढतोच की.

डावखुरी

@रानवाटा, हसून हसून पुरेवाट. एक होम रन, एक संध्याकाळ. माझा मुद्दा तोच आहे.

गणिती_गणू

@डावखुरी, सुएरोपुरतं मान्य. पण सगळ्या बुलपेनला हे लागू होत नाही. ट्रेव्हर रोझेंथलचं काय?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कार्डिनल्सचा एके काळचा क्लोझर, कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०१८ पूर्ण बाहेर. नॅशनल्सने एका वर्षासाठी ७० लाख डॉलर देऊन घेतला. पहिल्या चार वेळा मैदानात आला आणि एकही बॅट्समन बाद करू शकला नाही. इनिंग शून्य, धावा सात. सातला शून्याने भागायचं, त्यामुळे स्कोअरबोर्डवर ईआरएच्या जागी अनंताचं चिन्ह! पहिला आउट मिळाला १० एप्रिलला. जूनमध्ये सोडून दिलं तोवर ६⅓ इनिंग, १५ वॉक, ईआरए २२.७४.

अनंत ईआरए हा गमतीचा आकडा आहे, तो सोडून द्या. १५ वॉक हा आकडा सोडता येत नाही. वॉकमध्ये फील्डर नाही, वारा नाही, गवतावरची उसळी नाही. पिचरला स्ट्राइक टाकता येत नाही, एवढंच. सहा इनिंगमध्ये १५ वॉक कुठल्याही योगायोगाने येत नाहीत.

डावखुरी

मग त्याच रोझेंथलचं २०२० बघा. रॉयल्स आणि पाद्रेस मिळून ईआरए १.९०, ३८ स्ट्राइकआउट, ८ वॉक. ‘संपला’ म्हणून सोडलेला माणूस पुढच्याच वर्षी.

मिलवॉकीचा_मामा

आमच्या गावाचं नाव निघाल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. १९८७चे ब्रूअर्स. सुरुवात १३-०. त्यात १५ एप्रिलला बाल्टिमोरमध्ये आमच्या हुआन निएवेसचा नो-हिटर (समोरच्यांना अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही). १९ एप्रिलला, ईस्टर संडेला, टेक्सासविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये मागे असताना रॉब डीअरने तीन धावांचा होम रन मारून बरोबरी केली आणि डेल स्वेमने दोन धावांचा मारून सामना खिशात घातला. मी इथे आलो तेव्हा ऑफिसातले जुने लोक आपण त्या दिवशी कुठे बसलो होतो ते सांगायचे, इतकं त्यांच्या अंगात भिनलेलं.

मेमध्ये सलग १२ हरले. शेवट ९१-७१, डिव्हिजनमध्ये तिसरे, ऑक्टोबर नाही.

१९८२च्या अटलांटाचीही सुरुवात १३-०. ते ८९-७३ करून डिव्हिजन जिंकले आणि प्लेऑफमध्ये कार्डिनल्सकडून तिन्ही सामने हरले. २०२३च्या टॅम्पा बेचीही १३-०, पहिले नऊ विजय तर चार किंवा जास्त धावांच्या फरकाने. ९९ विजय मिळवले पण टेक्सासविरुद्ध दोन सामन्यांत मिळून एक धाव काढली आणि घरी. त्यांचं उदाहरण मला पोटोमॅकच्या बाजूचं वाटतं. बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही खरंच चांगलं होतं, पण स्प्रिंग्झ, रासमुसेन, मॅक्लॅनहन असे स्टार्टर एकेक करून कोपराच्या दुखण्याने गेले. एप्रिलचा आकडा खोटा नव्हता. ज्यांनी तो उभा केला ती माणसं सप्टेंबरात उरली नाहीत.

बेकरी_नाका

१९८४चे डेट्रॉइट टायगर्स विसरू नका! ३५-५, मग १०४ विजय आणि वर्ल्ड सीरिज. कधी कधी एप्रिल अगदी जे सांगतो तेच असतं.

पोटोमॅक

@मामा, ‘ज्यांनी उभा केला ती माणसं’ हे फार नेमकं. नॅशनल्सचंही तेच, फक्त उलट दिशेने. आकडा ज्यांच्या गैरहजेरीत लागला ती माणसं परत आली.

@डावखुरी, रोझेंथल २०२०मध्ये सुधारला याचा मला आनंदच आहे. पण सुधारला तो वॉक आटोक्यात आले म्हणून, म्हणजे ज्या आकड्याने मेमध्ये त्याचा आजार सांगितला त्यानेच पुढे तो बरा झाल्याचंही सांगितलं. आणि मी एकेका पिचरबद्दल बोलत नाहीये. आठ जणांपैकी एकाचा ईआरए फुगलेला असेल तर योगायोग. इथे एक डूलिटल सोडला तर आघाडी असताना निर्धास्तपणे चेंडू देता येईल असा माणूसच नव्हता. बॅरक्लॉ, सिप, मिलर, रोझेंथल, सगळेच गडगडले. २ मेला पिचिंग कोच डेरेक लिलिक्विस्टला काढून पॉल मेनहार्टला आणलं, तरी मे तसाच गेला. २४ मेला मार्लिन्सविरुद्ध जो पहिला विजय मिळाला, जिथून गाडी वळली असं सगळे म्हणतात, तो सामना १२-१० होता. दहा धावा दिल्या होत्या!

नाखवा

मी मेरीलँडला राहते. मे महिन्यातल्या एका रात्रीच्या सामन्याला बुलपेनच्या अगदी जवळची तिकिटं मिळाली होती, त्याबद्दल लिहिते. टीव्हीवर हे दिसत नाही.

पाचव्या इनिंगपर्यंत ती मंडळी सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेली. मग भिंतीवरचा फोन वाजला. कोचने उचलला, दोन शब्द ऐकले, ठेवला आणि एकाकडे बोट केलं. तो उठला, जॅकेट काढलं, आधी हळू फेकायला लागला. आठ-दहा चेंडूंनंतर कॅचरच्या ग्लोव्हमधून येणारा आवाज बदलतो, ‘थप’चा ‘फाट्’ होतो. आमच्या शेजारी एक आजोबा स्कोअरकार्ड भरत होते. ते मैदानाकडे बघतच नव्हते, फक्त कॅचरचा ग्लोव्ह कुठे जातोय ते बघत होते. ग्लोव्ह डाव्या कोपऱ्यात धरलेला, चेंडू येतो उजव्या गुडघ्याशी. परत डावीकडे, परत उजवीकडे. आजोबांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, हा आत्ता जाऊन पहिल्यालाच वॉक देणार. आणि दिला. चार चेंडूंत.

मला आकडेशास्त्र कळत नाही. पण त्या रात्री मला कळलं की वॉक म्हणजे काय मोजलं जातं.

सिएटल_सर

@नाखवा, काय लिहिलंयत! यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.

चंद्रकोर

+१. नाखवाताई, लिहाच.

बेकरी_नाका

अवांतर: नॅशनल्स पार्कला बाहेरचं खायला नेता येतं का? घरच्या वड्यांचं विचारतोय.

नाखवा

@बेकरी_नाका, आम्ही पारदर्शक पिशवीत नेले आहेत. जायच्या आधी त्यांच्या साइटवर नियम बघून घ्या, बदलत असतात. नेलेत तर जास्त न्या, कारण शेजारचे मागतात.

रानवाटा

जाता जाता, ३ सप्टेंबर २०१९चा सामना कुणीच काढला नाही? नवव्या इनिंगच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे नॅशनल्सच्या शेवटच्या बॅटिंगला, आम्ही मेट्स १०-४ने पुढे होतो. नॅशनल्सने सात धावा केल्या. शेवटचा तीन धावांचा होम रन कर्ट सुझुकीचा, तोही एडविन डीयाझवर. ११-१०.

@सिएटल_सर, तुमच्याकडचा ५७ सेव्हवाला तो हाच. एका वर्षात तोच हात, तेवढाच वेग. आता सांगा, रिलीव्हरच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? मी डावखुरीच्या पक्षात आहे.

गणिती_गणू

तो सामना पोटोमॅकच्याही पक्षात जातो. नॅशनल्सच्या पिचर्सनी दहा धावा दिल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या नवव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात, बुलपेनने. सप्टेंबरमध्ये. मेचा आजार गेलेला नव्हता.

मिलवॉकीचा_मामा

एक प्रश्न मात्र राहतो. बुलपेन इतकं वाईट, तर ऑक्टोबरमध्ये जिंकले कसे? वाइल्ड कार्डचा सामना (प्लेऑफची पहिली, एकाच सामन्याची फेरी) मी टीव्हीपुढे उभा राहून पाहिला. आम्ही ३-१ने पुढे, आठवी इनिंग, आमचा जॉश हेडर चेंडू टाकतोय. लीगमधल्या सर्वांत भारी रिलीव्हरांपैकी एक! सोटोने उजवीकडे हिट मारला, आमच्या ग्रिशमच्या हातून चेंडू निसटला, तीन धावा, ४-३. म्हणजे चांगलं बुलपेन हरलं आणि वाईट जिंकलं?

पोटोमॅक

@मामा, उत्तर त्या सामन्याच्या स्कोअरकार्डात आहे. शेर्झरने पाच इनिंग टाकल्या. त्याच्यानंतर कोण आलं? स्ट्रासबर्ग. स्टार्टर! त्याने तीन टाकल्या, नववी हडसनने. बुलपेनच्या बाकीच्यांना मैदानात येऊच दिलं नाही.

मार्टिनेझने पूर्ण ऑक्टोबर असाच काढला. डॉजर्सविरुद्ध दुसऱ्या सामन्यात आठवी इनिंग शेर्झरने टाकली आणि तिघांनाही स्ट्राइकआउट केलं. वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात शेर्झर पाच, कॉर्बिन तीन, हडसन एक. कॉर्बिन हा सीझनमध्ये २०२ इनिंग टाकलेला स्टार्टर! सीझनमध्ये असं करता येत नाही, पिचरचे हात तुटतील. ऑक्टोबरमध्ये मध्ये सुट्ट्या असतात, आणि ‘उद्या’ बहुतेक नसतोच.

आणि डॅनियल हडसन. ३१ जुलैला टोराँटोकडून आणला. त्याच दिवशी सिएटलकडून स्ट्रिकलंड आणि एलियास. हडसनने नॅशनल्ससाठी २५ इनिंगमध्ये १.४४ ईआरए दिला. ऑगस्टमध्ये डूलिटल गुडघ्यामुळे बाहेर गेला तेव्हा तोच क्लोझर झाला.

माझं म्हणणं इथे पुरं होतं. जनरल मॅनेजर माइक रिझोने मेचा बुलपेनचा आकडा खरा मानला, म्हणून जुलैत तीन रिलीव्हर आणले. मार्टिनेझने तो खरा मानला, म्हणून ऑक्टोबरमध्ये स्टार्टरकडून आठवी इनिंग टाकून घेतली. आणि दोघांनीही बॅटिंगचा आकडा खरा मानला नाही, म्हणून रेंडनला विकलं नाही. त्याचा करार त्याच वर्षी संपत होता आणि मेमध्ये कितीतरी लोक ‘मोडीत काढा’ म्हणत होते. त्याने पुढे १२६ आरबीआय (आपल्या बॅटिंगवर आणलेल्या धावा) केले, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त.

डावखुरी

मुद्दा पोचला. पण कॉर्बिनला डॉजर्सविरुद्ध तिसऱ्या सामन्यात असंच मधे आणलं तेव्हा एका इनिंगमध्ये सहा धावा गेल्या आणि सामना १०-४ गेला. तोही हिशोबात धरा. सातव्या सामन्यात तो चालला म्हणून डाव फळला. त्याच सामन्यात नॅशनल्सना आघाडी देणारा केंड्रिकचा होम रन उजव्या फाउल पोलवर (मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबावर) आदळला. चार-सहा इंच बाहेर असता तर आज आपण हा धागा काढलाच नसता.

पोटोमॅक

@डावखुरी, धरतो. सात सामन्यांच्या सीरिजमध्ये नशीब असतंच, त्यात यजमान टीम एकही सामना जिंकली नाही, हे तर कधी घडलंच नव्हतं. पण केंड्रिकबद्दल एक सांगतो. त्याने त्या सीझनमध्ये ०.३४४ने (हजार संधींत ३४४ हिट) बॅटिंग केली होती, डॉजर्सविरुद्ध पाचव्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम (बेसेस भरलेल्या असताना होम रन, चार धावा) मारला होता. तो होम रन आभाळातून पडला नाही.

चंद्रकोर

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? भाच्याची टीम यंदा वाईट सुरू झाली आहे आणि तो जेवत नाही म्हणे. त्याला नेमके कुठले रकाने बघायला सांगू?

गणिती_गणू

@चंद्रकोर, बॅटिंगसाठी आधी बॅटिंग ॲव्हरेज (क्रिकेटचं नव्हे, दर संधीमागे हिट) झाकून ठेवायला सांगा. ते स्थिर व्हायला सीझनसुद्धा पुरत नाही. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० वेळा बॅटिंगला आल्यावर बोलायला लागतं, वॉकचं १२०च्या आसपास. म्हणजे एप्रिल संपताना पहिलं आणि मे संपताना दुसरं नक्की बघण्यासारखं. जुना भरवशाचा बॅट्समन अचानक दुप्पट स्ट्राइकआउट होत असेल तर काहीतरी बिघडलंय. नुसते हिट मिळत नसतील तर मिळतील.

रिलीव्हरसाठी ईआरए नकोच. स्ट्राइकआउट वजा वॉक बघा आणि चेंडूचा वेग आदल्या वर्षीपेक्षा घसरलाय का ते बघा.

डावखुरी

यात एक माझ्याकडून: आठव्या-नवव्या इनिंगमध्ये, एक-दोन धावांची आघाडी असताना चेंडू कुणाच्या हातात दिला जातोय ते बघा. मॅनेजर आठवड्याला माणूस बदलत असेल तर त्याचाच कुणावर भरवसा नाही. हे कुठल्याही रकान्यात सापडत नाही.

पोटोमॅक

दोघांनाही अनुमोदन. आणि सगळ्यात आधी जखमींची यादी. लाइनअपमधले कोण कोण बाहेर आहेत आणि कधी परतणार आहेत. मग विजय-पराभव.

@चंद्रकोर, भाच्याची टीम कुठली?

चंद्रकोर

पिट्सबर्ग.

मिलवॉकीचा_मामा

अरेरे. त्याला माझा नंबर द्या. आमच्याच डिव्हिजनमध्ये आहे, रविवारी जेवायला बोलावला असता पण अंतर फार. फोनवर बोलू.